डबा भरताना घड्याळ बघा
तुमचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांतून मी मुद्दाम अशीच निवडली, ज्यांचा कामाचा दिवस रस्त्यावर जातो. ऑफिसात बसणाऱ्यांना आहाराचे सल्ले ढिगाने मिळतात. ज्यांच्याजवळ फ्रीज नाही, टेबल नाही आणि जेवणाची ठरलेली सुट्टी नाही, त्यांच्यासाठी फार कमी लिहिलं जातं. मलाही शिबिरांच्या निमित्ताने महिन्यातले बरेच दिवस गाडीतच डबा उघडावा लागतो, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

प्रश्न : ताई, मी डिलिव्हरी व्हॅन चालवतो. सकाळी सातला घर सोडतो, परत यायला रात्रीचे आठ वाजतात. गाडीत बिस्किटांचे पुडे, खारे वेफर्स आणि कोल्ड ड्रिंकची मोठी बाटली असते. अकराच्या सुमारास तोंड सुरू होतं ते थांबतच नाही. तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि तीन वाजता डोळे मिटायला लागतात. दिवसभर पुरेल असं काय सोबत नेऊ?

उत्तर : काय न्यायचं हे ठरवायच्या आधी एका कागदावर तुमचे थांबे लिहून काढा. कुठे दहा मिनिटं मिळतात, कुठे अर्धा तास मिळतो, कुठे सावली असते, कुठे हात धुता येतात. रस्त्यावरचा डबा पदार्थांच्या यादीवरून भरला की फसतो. तो तासांच्या हिशेबाने भरावा लागतो. लवकर खराब होणारं आधी खायचं आणि कोरडं, टिकाऊ शेवटी, इतकं पाळलंत तरी निम्मं काम झालं.

तुमच्या वेळांवर बसवून सांगते. निघायच्या आधी घरीच पोटभर नाश्ता करा. ‘वाटेत बघू’ म्हटलं की अकराला बिस्किटांचा पुडा फुटतोच. साडेदहाच्या थांब्याला दोन उकडलेली अंडी आणि एक फळ खा. अंडी चालत नसतील तर घट्ट दही घ्या, मात्र दोन्हींसाठी गार ठेवायची सोय हवी. दुपारी एकला जेवण, साडेचारला मूठभर दाणे आणि फळ, आणि सातच्या सुमारास अगदीच भूक लागली तर भाजलेले हरभरे किंवा दोन-तीन खजूर. रात्रीचं जेवण घरी जाऊन.

बिस्किटांनी पोट का भरत नाही, तेही समजून घ्या. त्यांत मैदा, साखर आणि तेल असतं, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. अशा खाण्याने रक्तातली साखर चटकन वर जाते, तशीच खाली येते आणि भूक पुन्हा उभी राहते. मूठभर म्हणजे साधारण 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. अंडी, दाणे, कडधान्यं, दही हे सगळं पोटात बराच वेळ राहतं. दाणे मात्र मोजूनच न्या. त्या मुठीत 170 च्या आसपास कॅलरी असतात आणि बरणी शेजारच्या सीटवर असली की मुठींना गणती राहत नाही. घरूनच छोट्या डब्यांत एकेका वेळचे भरून ठेवा, बिनमिठाचे. वेफर्समधून मीठ आधीच भरपूर जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

आता कोल्ड ड्रिंक. त्याच्या 330 मिलीलिटरच्या एका कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते. याच संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी दिवसाला 50 ग्रॅम आहे आणि 25 वर आणता आली तर उत्तमच. मोठी बाटली शेजारी ठेवून दिवसभर घोट घोट पिणं हे एकदाच ग्लासभर पिण्यापेक्षा दातांना जास्त वाईट, कारण प्रत्येक घोटागणिक तोंडातलं आम्ल वाढतं आणि दातांच्या वरच्या थराला सावरायला उसंतच मिळत नाही. ती बाटली गाडीतून काढाच. एकदम जमत नसेल तर जेवणासोबत एक छोटा ग्लास ठेवा, बाकी दिवसभर पाणी.

तीन वाजताच्या झोपेचा सगळा दोष जेवणाला देऊ नका. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो. न जेवलेल्या माणसालाही तो जाणवतो, जड जेवणाने फक्त वाढतो. म्हणून एकच्या जेवणाचे दोन भाग करा. अर्धं एकला खा, आणि उरलेल्यातलं जे टिकणारं असेल ते साडेचारच्या दाण्यांबरोबर. भात किंवा पाव थोडा कमी आणि त्याच्याबरोबर कडधान्य, भाजी जास्त. तरीही डोळे मिटतच असतील तर गाडी बाजूला घ्या. झोपेवर खाणं हा उपाय नाही. तोंड चालू ठेवलं की जागं राहता येतं असं बरेच चालक मानतात, पण चघळत चघळतही डुलकी लागते.

आणि एक कळकळीची विनंती. चालत्या गाडीत खाऊ नका. एक हात पाकिटात, नजर मांडीवर सांडलेल्या तुकड्यांकडे आणि समोरचा ब्रेक मारतो. दाणे, द्राक्षं यांसारखं काही घशात अडकलं तर गाडी चालवणाऱ्याला मदत करायला शेजारी कोणीही नसतं. दहा मिनिटं थांबून खाल्लेलं थोडंसुद्धा अंगी लागतं आणि आपण किती खाल्लं तेही कळतं.

प्रश्न : मी औषध कंपनीची प्रतिनिधी आहे. दिवसभर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाणं चालू असतं. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून घरातून निघाल्यावर मी पाणीच पीत नाही. संध्याकाळी डोकं ठणकतं. गेल्या काही महिन्यांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला. कोणाशी बोलायची लाज वाटते.

उत्तर : लाज वाटण्यासारखं तुमच्याकडून काहीच घडलेलं नाही. कामाच्या रस्त्यावर बायकांना जायला नीट जागा नसते, ही तुमची चूक नव्हे. याच आशयाची पत्रं मला सतत येतात आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण तहान मारून काम करणाऱ्या बायकांचं हे दुखणं कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही.

पाणी तोडणं आधी थांबवायला हवं. 2018 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्राशयाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, तर नेहमीइतकंच पिणाऱ्यांना 3.2 वेळा. पाण्याने मूत्रमार्ग धुतला जातो. पाणी तोडून आणि लघवी रोखून आपण जंतूंना मुक्कामाला जागा देतो.

आता व्यवहाराचं बोलू. दिवसाचं पाणी सगळ्या तासांत सारखं वाटायची गरज नाही. सकाळी उठल्यावर दोन ग्लास प्या आणि घर सोडण्यापूर्वी तासभर जाऊ द्या, म्हणजे निघतानाच मोकळं होता येईल. मग तुमच्या फिरतीतल्या ज्या दोन-तीन जागा भरवशाच्या आहेत, त्यांना पाणी बांधून टाका. अशा ठिकाणी पोहोचायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक ग्लास प्या, तिथे पोहोचल्यावर जाऊन या आणि पुढचा लांबचा टप्पा असेल तर तोपर्यंत फक्त घोटभर. एकदम अर्धी बाटली घटाघट प्यायली की मूत्राशय लवकर भरतो, थोडं थोडं घेतलेलं अंगात जास्त मुरतं. भरवशाच्या जागांची यादी मोबाइलमध्ये ठेवा आणि त्याच भागात फिरणाऱ्या मैत्रिणींच्या याद्याही त्यात जोडा. आहाराच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ही यादी तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

लांबच्या टप्प्याआधी चहा, कॉफी आणि फसफसणारी पेयं टाळा. चहा-कॉफीने शरीरातलं पाणी आटतं ही भीती अवास्तव आहे, रोज पिणाऱ्यांच्या बाबतीत तेही पाण्यातच धरायला हरकत नाही. पण मूत्राशयाला ती डिवचतात आणि घाई लागते. डब्यात काकडी, संत्री, टरबूज अशी पाणीदार फळं-भाज्या ठेवा. त्यांतलं पाणी तंतूंबरोबर सावकाश उतरतं. पुरेसं पाणी होतंय की नाही ते लघवीच्या रंगावरून बघा. फिकट पिवळा असला तर ठीक, गडद पिवळा दिसला तर पुढच्या भरवशाच्या जागी दोन ग्लास. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही गडद दिसतो, तेवढं लक्षात असू द्या.

दोनदा संसर्ग झाला आहे, तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन लघवीची तपासणी, कल्चरसह (म्हणजे जंतू कोणता ते शोधणाऱ्या चाचणीसह), करून घ्याच. ताप, थंडी किंवा पाठीत कुशीकडे दुखणं असलं तर त्याच दिवशी जा. आणि तुमच्या वरिष्ठांना लिहून कळवा की फिरतीच्या आखणीत स्वच्छतागृहाची सोय असलेले थांबे धरावेत. हे मागणं अगदी रास्त आहे.

प्रश्न : वडील टॅक्सी चालवतात. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. साखर अचानक उतरली तर हाताशी असावं म्हणून आई त्यांच्या खिशात चॉकलेट ठेवते. एवढं पुरेल का?

उत्तर : आईची काळजी योग्य आहे, चॉकलेट मात्र बदला. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि अशा वेळी मिनिटं महत्त्वाची असतात. शिवाय गाडीत ते वितळतं. त्याऐवजी ग्लुकोजच्या गोळ्या, तीन चमचे ग्लुकोज पावडर असलेली छोटी डबी आणि पाण्याची बाटली, किंवा साखर असलेल्या फळांच्या रसाचा 150 मिलीलिटरचा छोटा डबा ठेवा. साधारण 15 ग्रॅम साखर एका वेळी लागते. हे सगळं डिकीत ठेवू नका, चालकाच्या हाताला लागेल अशा खणात ठेवा.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांसमोर धूसर, विनाकारण चिडचिड, यांतलं काहीही जाणवलं की आधी गाडी सुरक्षित जागी थांबवून बंद करायची. साखर मोजायची. 70 च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर 15 ग्रॅम घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची आणि अजून कमी असेल तर पुन्हा घ्यायची. आकडा वर आला की पाव, बिस्किटं किंवा फळ असं काहीतरी खायचं, नाहीतर ती परत उतरते. लगेच चाक हातात घ्यायचं नाही. ब्रिटनमध्ये अशा चालकांना सांगितलेलं आहे की साखर 90 च्या वर आल्यानंतरही 45 मिनिटं गाडी चालवू नये, कारण मेंदूला पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. गाडी सुरू करण्यापूर्वी दोन तासांच्या आत एकदा आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासावी, हेही तिथलंच. वडिलांनी हे दोन्ही पाळावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. त्यांच्या गोळ्यांत अकार्बोज किंवा व्हॉग्लिबोज असेल तर नेहमीची साखर अशा वेळी लवकर काम करत नाही, ग्लुकोजच लागतं. डॉक्टरांना हे नेमकं विचारा. आणि कामाच्या गडबडीत जेवण टाळून इन्सुलिन घेणं कधीही नको. त्यांचा डबा ही औषधाइतकीच जरुरीची गोष्ट आहे, भाड्यासाठी तो पुढे ढकलायचा नाही.

प्रश्न : डबा सकाळी सहाला भरते आणि नवरा दोनला उघडतो. उन्हात उभ्या गाडीत अन्न आंबतं. काय करावं?

उत्तर : शिजवलेलं अन्न पाच अंश सेल्सिअसच्या खाली किंवा साठच्या वर ठेवायचं. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच खावं. सहा ते दोन म्हणजे आठ तास. आणि बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी चढलं होतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता.

त्यामुळे दोनच मार्ग उरतात, गरम ते खरोखर गरम किंवा गार ते खरोखर गार. गरम न्यायचं असेल तर रुंद तोंडाचा थर्मास घ्या. आधी त्यात उकळतं पाणी ओतून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, मग ते फेकून लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. कोमट अन्न अर्ध्या थर्मासात भरलं तर तो जंतूंना ऊबच देतो. आठ तास साठच्या वर टिकवणारे थर्मास थोडेच, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी घरीच भरून ठेवा आणि दोन वाजता स्वयंपाकघरातला तापमापक घालून बघा.

गार न्यायचं असेल तर बर्फाची पिशवी विकत घ्यायलाच हवी असं नाही. पाण्याची प्लास्टिकची बाटली निम्मी भरा आणि फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, म्हणून मोकळी जागा सोडायची. आडवी ठेवल्यामुळे बर्फ एका बाजूला लांबट जमतो. सकाळी तिच्यात वरून पाणी भरलं की लगेच प्यायला गार पाणी मिळतं आणि पिशवीही गार राहते. डबा आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे बाटलीला फक्त गारवा राखायचं काम उरतं. गारवा खाली उतरतो, तेव्हा बाटली डब्याच्या वर ठेवा. पिशवी डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको, सीटच्या मागे खाली, जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा.

भाताबद्दल वेगळं सांगते. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात एक जंतू असं विष तयार करतो जे पुन्हा गरम केलं तरी जात नाही. भात न्यायचाच तर पूर्ण गार करून गारच ठेवायचा. उकडलेली अंडी सालासकट न्या आणि खातानाच सोला. फळं अख्खी न्या. आणि ज्या दिवशी यातलं काहीच जमणार नाही, त्या दिवशी पाव, शेंगदाण्याचं लोणी, अख्खी केळी, सफरचंद आणि दाणे बांधून द्या. त्या जेवणात काही कमी नाही.

प्रश्न : रात्रपाळीला मी ट्रक चालवतो. जागं राहायला एनर्जी ड्रिंक घेतो, कधी तीन, कधी चार. चालेल का?

उत्तर : चार नाही चालणार. 250 मिलीलिटरच्या डब्यात साधारण 80 मिलीग्रॅम कॅफीन असतं, मोठ्या डब्यात त्याच्या दुप्पट. निरोगी माणसाने दिवसभरात 400 मिलीग्रॅमच्या आत राहावं असं म्हणतात आणि त्यात तुमचा चहा-कॉफीही धरायचा. ते मोठे डबे असतील तर तुम्ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. साखरेचं तर विचारूच नका. शिवाय कॅफीन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. पहाटे चारला घेतलेलं सकाळी नऊच्या झोपेत आडवं येतं आणि दुसऱ्या रात्री तुम्ही आणखी थकलेले निघता.

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली झोपाळू चालकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटांच्या आत उरकणारी डुलकी काढायची. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी झालेली असते. या जोडीचा उपयोग नुसत्या कॉफीपेक्षा जास्त दिसला. तुम्हीही तेच करा. गाडी उभी करा, एक कप कॉफी प्या, वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागातच कॅफीन संपवा, पुढे पाणी. छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे डबे पूर्ण बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कॉफी-डुलकीनंतरही झापड जात नसेल तर ती फेरी पुढे नेऊ नका, मालकाला फोन करून सांगा.

प्रश्न : प्रोटीन बार आणि इलेक्ट्रोलाइटची पाकिटं रोज घ्यावीत का?

उत्तर : रोज नको. बारच्या वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा तसलं काही दिसलं तर ती मिठाईच आहे. अडीअडचणीला गाडीत एक असू द्या. इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची, पाकिटं जुलाब झाले असतील किंवा उन्हात तासन्‌तास घाम गाळून माल चढवला-उतरवला असेल तेव्हासाठी. बसून गाडी चालवणाऱ्याला पाणी आणि नेहमीचं जेवण पुरतं, वरचं मीठ रक्तदाबाला नडतं.

प्रश्न : स्टीलच्या बाटलीला वास येतो. रोज धुते तरी जात नाही.

उत्तर : वास बहुतेक वेळा झाकणात असतो. त्यातली रबरी रिंग नखाने किंवा चमच्याच्या दांड्याने काढा, तिच्या खाचेत बुळबुळीत थर सापडेल. रिंग आणि झाकण गरम साबणाच्या पाण्यात घासा. बाटलीत एक चमचा खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी लांब ब्रशने तळ घासून घ्या. मग बाटली आणि झाकण वेगवेगळं, उघडं, उपडं वाळू द्या. ओली बाटली बंद करून ठेवली की वास परत येतो. सरबत, दूध किंवा ताक न्यायचं असेल तर त्यासाठी वेगळी बाटली ठेवा आणि ती घरी आल्या आल्या धुवा. रिंग चिरली असेल तर नवी बसवून घ्या.